सव्वा तासाचं माहेर

लग्नानंतर मी बेळगावहून बंगळूरला निघाले तेव्हा बाबांनी तोंड पाडलं होतं. त्यांची समजूत काढायला मी मोबाइलवर विमानाचं वेळापत्रक काढून त्यांच्या नाकापुढे धरलं. "बघा, सव्वा तास. खानापूरहून बसनं यायलाही जवळजवळ तेवढाच वेळ जातो."

त्यांना ते इतकं पटलं, की गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरगी काय लांब नाही आमची. सव्वा तासावर हाय." मला गंमत वाटायची. बंगळुरातल्या आमच्या राजाजीनगरच्या घरातून विमानतळ गाठायलाच दोन तास मोडतात, तिथं आधी जाऊन ताटकळावं लागतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सहा वर्षं ही थाप चालू ठेवली. थापच ती, तिला दुसरं गोंडस नाव मी देणार नाही.

गेल्या वर्षी एका मंगळवारी मी घरूनच ऑफिसचं काम करत होते. अकराच्या सुमारास आईचा फोन आला.

"बाबांच्या छातीत पहाटेपासून दुखायलंय. आता दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, मुलीला बोलवून घ्या."

"पहाटेपासून? आणि आत्ता सांगतेस?" मी ओरडलेच.

"मी तेव्हाच लावत होते गं फोन. हेच म्हणाले, तिची सकाळची धांदल असते. लागलंच तर काय, सव्वा तासात येती ती."

त्या दिवसाचं विमान सकाळीच उडून गेलं होतं. पहाटे फोन आला असता तर मी त्यात बसले असते. हे गणित मी आजवर हजारदा मांडलंय. दर वेळी त्यात मी वेळेवर पोचते.

मी टॅक्सी बोलावली. रस्त्यानं आठ-नऊ तासांची वाट, आणि शहरातच, यशवंतपूरपाशी गाड्या तुंबलेल्या. "अण्णा, स्वल्प बेग," मी सारखी घाई करत होते. "ट्राफिक, अक्का," एवढंच ड्रायव्हर म्हणाला. त्याची काय चूक? तरी मी त्याच्यावरच डाफरले.

पुढचं आईनं मला तेराव्यानंतर सांगितलं. मी निघाल्याचं तिनं बाबांना सांगितलं होतं. कशानं, ते सांगितलं नव्हतं. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून होते. सव्वा तास झाला तसं त्यांनी विचारलं, "उतरली काय गं?"

आईला खरं सांगवेना. "उतरली. विमानतळावरनं रिक्षात बसली," ती म्हणाली.

"मग आलीच," असं म्हणून ते दाराकडे तोंड करून कुशीवर वळले. थोड्या वेळानं तसेच गेले.

मी तेव्हा बंगळूरच्या वेशीवरच, नेलमंगलाच्या टोलनाक्यावर रांगेत होते.