छप्पन नंबरची डावी बाजू

अंजलैला कंडक्टरची नोकरी मिळाली ती नवऱ्याच्या जागी. मुरुगेसन काविळीने गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. अनुकंपेच्या अर्जाचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवत दोन वर्षं तिच्याबरोबर जो माणूस ऑफिसांचे जिने चढला, तो म्हणजे एळुमलै, मुरुगेसनच्या गाडीवरचा ड्रायव्हर. छप्पन नंबरची गाडी, एन्नूर ते शहरातला पॅरिस नावाचा चौक. हुकूम हातात पडल्यावर त्यानेच डेपोत शब्द टाकून तिला आपल्या गाडीवर घेतलं. चालत्या गाडीत पाय कसे रोवायचे, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणाऱ्याला कसं गप्प करायचं, हे सगळं तिला त्याने शिकवलं.

"पाय जुळवून काय उभी राहतेस? फोटो काढायचाय का?" पहिल्याच दिवशी त्याने आरशातून बघत विचारलं होतं, आणि सगळी गाडी हसली होती.

ती त्याला अण्णे म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. त्याची बायको मुनियम्मा दर आडी महिन्यात खाऱ्या मासळीचं कालवण डब्यात घालून द्यायची, "त्या पोरीला दे" म्हणून. सात वर्षं अशी गेली.

आठव्या वर्षी गाडीची डावी बाजू खरचटायला लागली.

आधी तिने मनावर घेतलं नाही. एन्नूरचा रस्ता तसलाच, बंदरात जाणारे कंटेनरचे ट्रेलर दोन्ही अंगांनी दाटीवाटीने उभे, मधून बस काढायची म्हणजे जीव मुठीत धरूनच. पण मग एकदा तोंडियारपेटला केळ्यांच्या हातगाडीवरचा अख्खा लोंगर बसने ओढून नेला, आणि एळुमलै थांबला नाही. आणखी एकदा थांब्यावर उभ्या असलेल्या बाईची छत्री उडाली. बाई किंचाळली तेव्हा त्याने ब्रेक दाबला आणि विचारलं, "काय झालं?" छत्री पुढच्या दारापासून हातभर अंतरावर पडली होती.

"अण्णे, वय झालं तुमचं," अंजलै म्हणाली.

"वय तुझ्या सासऱ्याचं झालं," तो म्हणाला.

उलगडा झाला तो एन्नूरच्या शेवटच्या थांब्यावर, चहाच्या वेळी. टाइमकीपर इरुदयराज आपल्या पत्र्याच्या खोपटात गाड्यांच्या वेळा लिहीत होता आणि एळुमलै खिडकीशी उभा राहून त्याच्याशी बोलत होता. अंजलैने चहाचा ग्लास त्याच्या डाव्या हाताशी धरला. तो बोलतच राहिला. तिने ग्लास थोडा पुढे नेला. तो बोलतच राहिला. तिने ग्लास त्याच्या कानापाशी नेला, इतका जवळ की वाफ त्याच्या गालाला लागली, तेव्हा तो दचकला आणि त्याने हात टाकला तो ग्लासाच्या वीतभर पुढे, रिकाम्या हवेत.

इरुदयराज आत वळल्यावर ती हळूच म्हणाली, "अण्णे, तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं. समोरची मुंगीसुद्धा दिसते," तो म्हणाला. मग ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाला, "बाजूचं गेलंय. कागदाची सुरळी करून डोळ्याला लावल्यासारखं दिसतं. डावीकडचं पार गेलं, उजवीकडचं जायला लागलंय. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येत नाही. औषधाचे थेंब घाला, राहिलंय तेवढं टिकेल."

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

तीन वर्षं. रोज सहा फेऱ्या, फेरीला सत्तर-ऐंशी माणसं. तिने हिशेब करायचं टाळलं.

"आणि डेपोतली तपासणी?"

तो हसला. "दरवर्षी पास होतो की. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगतात. ती समोरच असतात ना!"

हे ऐकून ती जास्तच घाबरली. म्हणजे कागदावर तो धडधाकट होता. सही होती, शिक्का होता.

"हे बघ, तंगच्ची," तो म्हणाला. खालच्या आवाजात धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं बोलला की काहीतरी मागायचं असायचं. "दोन वर्षं राहिलीत माझी. तुझ्याकडे शिट्टी आहे. डावीकडे काही आलं तर तीन बारीक मार, उजवीकडे आलं तर एक लांब. बाकीचं मी बघतो."

तिने शिट्टी मुठीत धरली. ज्या माणसाने आपल्यासाठी दोन वर्षं जिने झिजवले, त्याला नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून अंजलैची जागा बदलली. मागच्या दाराजवळची कंडक्टरची सीट सोडून ती पुढे, इंजिनाच्या झाकणाला पाठ लावून उभी राहायला लागली. पायांना चटका बसायचा. मागच्यांचे पैसे हातोहात पुढे यायचे, तिकिटं हातोहात मागे जायची, आणि तिची नजर सतत काचेबाहेर. सायकलवाला, तीन बारीक. शाळेची पोरं, तीन बारीक. उजवीकडून मोटारसायकल, एक लांब. नेहमीची माणसं तिला शिट्टीअक्का म्हणायला लागली. "अक्का, लग्नात वाजवायला येता का?" असं कॉलेजची मुलं विचारायची. तीही हसायची आणि हसता हसता डावीकडे बघायची.

गाडीच्या मागच्या भागात बिनतिकीट माणसं सापडल्याबद्दल तपासनीसाने तिला एक मेमो दिला, मग दुसरा. ती रात्री झोपेत ओठ आवळायची, आणि सकाळी जबडा दुखायचा.

पण खरी भीती तिला वेगळ्याच गोष्टीची वाटायला लागली. सुरुवातीला एळुमलै बिचकत गाडी चालवायचा. चार-सहा महिन्यांत शिट्टी त्याच्या अंगवळणी पडली आणि तो पुन्हा सुटला, आधीपेक्षाही जोरात. तिरुवोत्रियूरच्या देवळाजवळ एक मुलगी सायकल घेऊन अचानक रस्त्यावर उतरली. अंजलैने शिट्टी फुंकली, ब्रेक करकचले, उभी माणसं एकमेकांवर आदळली. सायकलचं पुढचं चाक आणि बंपर यांत चार बोटांचं अंतर होतं. मुलगी तशीच निघून गेली. अंजलै पडलेली नाणी गोळा करत होती, आणि एळुमलै म्हणाला, "बघितलंस? आपलं चार डोळ्यांचं काम कसं फक्कड चाललंय!"

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "अण्णे, आता अर्ज द्या. डेपोत हलकं काम देतात. टायरवर बसवतील."

"चौतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, आता टायरला हवा भरू?"

"माझ्या तोंडाला शोष पडतो हो. एक दिवस माझी शिट्टी चुकेल."

"तुझी चुकत नाही."

"आणि मी आलेच नाही तर?"

"तू नसशील त्या दिवशी मी रजा टाकीन," तो म्हणाला. "मुरुगेसनची शपथ."

त्या शपथेवर तिने आणखी आठ महिने काढले.

मग चिकुनगुनियाची साथ आली. एर्णावूरच्या तिच्या गल्लीत घरटी एक माणूस आडवं झालं. अंजलैचे गुडघे, घोटे, बोटांची पेरं अशी सुजली की भांडं उचलवेना. पहिल्या दिवशी तिने शेजारणीच्या हाती मुनियम्माला निरोप धाडला. एळुमलैने रजा टाकली. दुसऱ्या दिवशीही टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण निलवेंबूचा कडू काढा घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "तुझ्या छप्पन नंबरने आले आत्ता बाजारातून. कोणीतरी नवा पोरगेला कंडक्टर होता. नुसता मागे बसून राहतो मेला."

"ड्रायव्हर कोण होता?"

"तुझा अण्णनच की."

अर्धे ड्रायव्हर तापाने पडले होते, रजा बंद झाल्या होत्या. हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिने काढ्याचा पेला खाली ठेवला आणि भिंतीला धरून उठली. शेजारीण "अगं, कुठे?" म्हणत राहिली. थांबा घरापासून शंभर पावलांवर होता. त्याला तिला दहा मिनिटं लागली.

सकाळचे सव्वादहा वाजले होते. थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. गाडी एन्नूरकडून परत येताना दुरूनच दिसली. ती डांबराच्या कडेला उभी राहिली आणि तिने दुखरा हात वर केला. गाडी थांबवायची, आत चढायचं, पुढे उभं राहायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गाडी जवळ आली, पण वेग कमी होईना. डावी चाकं डांबर सोडून तिच्या अंगावरच यायला लागली. तिने हात हलवला, ओरडली. तिला काचेमागे एळुमलैचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो समोर बघत होता, शांत, निवांत, सगळं दिसत असलेल्या माणसासारखा.

ती मागे वाळूत पडली. गाडी तिच्या पावलांपासून वीतभर अंतरावरून निघून गेली, आणि मागच्या सीटवर कंडक्टर खिडकीला डोकं टेकून बसलेला दिसला.

कोपर खरचटलं होतं, त्याचं तिला काही वाटलं नाही. तिने रिक्षा थांबवली आणि पाठलाग करण्याऐवजी उलटी, एन्नूरला नेली. भरल्या रस्त्यात बसला गाठता येणार नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. इरुदयराजच्या खोपटात फोन होता.

"सार, पॅरिसला फोन लावा. छप्पन नंबर पोचली की तिथेच अडवा. एळुमलै अण्णनला परत पाठवू नका."

"तुला ताप चढलाय, अंजलै."

"त्यांना बाजूचं दिसत नाही. चार वर्षं झाली. मला सव्वा वर्ष माहीत आहे."

इरुदयराजने पेन खाली ठेवलं. "शुद्धीत आहेस ना? त्याचा डोळ्यांचा दाखला आहे डेपोत. उद्या चौकशी झाली तर पहिली तू अडकशील. तोंडी मी काही ऐकलेलं नाही."

"कागद द्या."

बोटं वळत नव्हती. पेन मुठीत धरून तिने पाच ओळी लिहिल्या, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात, आणि खाली सही केली. इरुदयराजने त्या दोनदा वाचल्या. मग फोन उचलला.

गाडी पॅरिसला अकरा वीसला पोचायची. साडेअकराला त्याने विचारलं, आली नव्हती. पावणेबाराला विचारलं, आली नव्हती. अंजलै बाकावर बसून होती. इरुदयराज एकेक कारण काढत होता, "रायपुरमच्या फाटकाशी अडकली असेल... बंदराचे ट्रेलर..." आणि प्रत्येक कारण अर्धवट सोडत होता. तिच्या डोळ्यांसमोरून रस्ता जात होता. आता कालाडिपेट. आता टोलगेट. आता शाळा सुटेल.

बाराला पाच कमी असताना फोन वाजला. गाडी आली होती. माणसं सगळी ठीक होती. फक्त डावीकडचा आरसा तुटला होता.

"कशाने?" अंजलैने विचारलं. इरुदयराजने तोच प्रश्न फोनमध्ये विचारला, ऐकून घेतलं आणि रिसीव्हर हातातच धरून तिला सांगितलं.

"कंडक्टर म्हणतो, कालाडिपेटला फाटकन आवाज आला. कोणी दगड मारला असं त्याला वाटलं. एळुमलैला विचारलं तर तो म्हणतो, कुठला आरसा?"

पुढे जे व्हायचं ते झालं. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरने दिव्याचे ठिपके दाखवून बाजूची नजर तपासली आणि एळुमलै गाडीवरून कायमचा उतरला. त्याला टायरवर बसवलं. अंजलैला चार महिने घरी बसवलं आणि मग अंबत्तूरच्या बाजूला, घरापासून दीड तासावरच्या डेपोत टाकलं. चौकशीत एळुमलैने सांगितलं होतं, त्या पोरीला काही माहीत नव्हतं. पण तिचा कागद फायलीत होता.

डेपोत काही जण तिच्याकडे पाठ फिरवायचे. "भावाला खाल्लं हिने," एकजण तिला ऐकू जाईल असं म्हणाला. तिला एकाच गोष्टीने पछाडलं होतं: आरसा तुटला तो कशाला लागून? कालाडिपेटच्या पोलीस चौकीत त्या दिवसाची काहीच नोंद नव्हती.

पाचव्या महिन्यात एका रविवारी सकाळी दारात मुनियम्मा उभी. तिच्यामागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून, एळुमलै.

अंजलै दारातून बाजूला झाली. एळुमलै उभ्यानेच म्हणाला, "त्या दिवशी थांब्यावर तू उभी होतीस, इरुदयराजने सांगितलं. किती अंतरावरून गेलो?"

"वीतभर असेल."

त्याने मान हलवली. म्हणाला, "चल. आरसा तुटला ती जागा बघायची आहे."

तिघं कालाडिपेटला उतरली आणि डाव्या अंगाने चालत निघाली. रसवाला, भंगारवाला, कापडाचं दुकान. जो तो म्हणायचा, पाच महिन्यांपूर्वीचं कोणाच्या लक्षात राहणार? शेवटी एका सायकलच्या दुकानातला माणूस विचारात पडला.

"बसचा आरसा? हां, काचा मीच झाडल्या की सकाळच्या. एक म्हातारी इथे पायरीवर बसली होती. डोक्याला पदर दाबून."

"रक्त होतं?" एळुमलैने विचारलं.

"पदर लाल होता. लालच असेल मुळात, काय माहीत. मी पाणी दिलं, प्यायली. म्हणाली, जरा बसते. मग पंक्चर काढून मान वर केली तर नव्हती."

"कुठल्या बाजूला गेली?"

"बघितलं नाही हो."

त्या रविवारी आणि पुढचे दोन रविवार ती तिघं मागच्या कोळीवाड्यातल्या गल्ल्यांतून फिरली. दारोदार विचारायचं, त्या साथीच्या दिवसांत इथली कोणी म्हातारी डोक्याला लागून पडली का? त्या साथीत पुष्कळ म्हातारी माणसं पडली होती. काही उठली, काही नाही. घरचे म्हणायचे, तापच होता, दुसरं काय?

चौथ्या रविवारी मुनियम्मा एकटीच आली.

"ते कुठे आहेत?" अंजलैने विचारलं.

"येत नाहीत म्हणाले." मुनियम्मा उंबऱ्यावर टेकली. "आज डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली शोधत होते. समोर होती गं. अगदी समोर ठेवली होती मी."

अंजलैने तिला पाणी दिलं. मग पायांत चप्पल सरकवली, दाराला कडी घातली, आणि त्या दोघी कालाडिपेटच्या बसची वाट बघत थांब्यावर उभ्या राहिल्या.