आमोदच्या काउंटरवरची पाटी

आमच्या आमोदला ऑटिझम आहे हे कळायला त्याची तिशी उजाडावी लागली, आणि याचं खापर मी सरळ पुणे शहरावर फोडते. दुसऱ्या कुठल्याही गावात तो दुकानात उभा राहिला असता, तर आठ दिवसांत कुणीतरी विचारलं असतं, की बाबांनो, ह्याचं काही बिनसलंय का? इथे मंडईजवळच्या दुकानात तो वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांशी तुटक बोलला, कुणाकडे बघून हसला नाही, रोखून पाहत राहिला. आणि लोक काय म्हणाले? "दुकान चांगलं जुनं दिसतंय हो!"

दुकान अभयरावांचं. भाजणी, मेतकूट, चकली, सांडगे, पापड, आणि दिवाळीत सगळा फराळ. आमचे हे, म्हणजे श्यामसुंदर मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि अभयराव त्यांचे विद्यार्थी. आमोद बी. कॉम. झाला, दोन ऑफिसांत लागला आणि दोन्हीकडून आठवड्याच्या आत घरी आला. तेव्हा अभयराव म्हणाले, "मास्तर, पाठवा त्याला माझ्याकडे. बघू."

तो तिथे असा रुजला की विचारू नका. गिऱ्हाइकानं विचारावं, "चकली ताजी आहे ना?" आमोदनं सांगावं, "परवाची आहे. ताजी उद्या येईल." गिऱ्हाईक तणतणत जाई आणि दुसऱ्या दिवशी गुमान परत येई. एका बाईंनी विचारलं, "ह्या दोन्हींतली भाजणी कुठली चांगली?" हा म्हणाला, "मी दोन्ही खात नाही." बाई इतक्या खूश झाल्या की दोन्ही घेऊन गेल्या.

त्याला गर्दी आवडायची. हो, आवडायची! दिवाळीच्या आधी काउंटरपुढे माणसांचा नुसता लोंढा असायचा, तेव्हा हा खुलायचा. त्याच्या अटी दोनच. एका वेळी एकानं बोलायचं, आणि अंगाला हात लावायचा नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. जेवायला बसला की तो दिवसभरातल्या माणसांच्या नकला करायचा, आणि हसता हसता मला ठसका लागायचा. त्या काउंटरमागे माझा मुलगा सुखी होता. त्याला आयुष्यात तेवढंच हवं होतं आणि मलाही दुसरं काही नको होतं.

मग अभयरावांचा पियुष एमबीए होऊन आला. आल्या आल्या त्यानं भिंतींना रंग दिला, पिशव्यांवर नाव छापलं आणि फोनवर लोकांनी दुकानाला किती तारे दिलेत ते बघायला लागला. तारे कमी होते. खाली लिहिलेलं असायचं, काउंटरवरचा माणूस उद्धट आहे. त्यातच एक दिवस एका मुलीचा भाऊ दुकानात चढला. "माझ्या बहिणीकडे टक लावून काय बघतोस रे?" आमोद खरं तेच बोलला. "ती पैसे कधी देते ते बघत होतो." भावानं कॉलर धरली. पियुष संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "काकू, याचं काहीतरी करा. नाहीतर मला त्याला काउंटरवर ठेवता येणार नाही."

म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण होत्या, पण चांगल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोलू? त्यांनी आमोदशी बोलायला तीन-चार वेळा बोलावलं. मला विचारलं, लहानपणी खेळणी ओळीत मांडायचा का? म्हटलं, नाही, फेकायचा. नजर टाळतो का? म्हटलं, टाळली असती तर इथे आलोच नसतो. आवाज सोसत नाही का? म्हटलं, गणपतीत पथकात ढोल वाजवतो, पण घरात आम्ही दोघं एकदम बोललो तर कान झाकून घेतो. बाई लिहीत होत्या आणि खोडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ॲटिपिकल ऑटिझम."

हे म्हणाले, "म्हणजे आहे, की नाही?"

"आहे. पण पुस्तकातल्यासारखा नाही. त्याच्यासारखा दुसरा शोधायला गेलात तर सापडेलच असं नाही."

आमोदनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि मला विचारलं, "आता दुपारच्याला दुकानात जाऊ का?"

ह्यांचं मात्र तेवढ्यानं भागेना. चाळीस वर्षं पोरांना चौकटी आखून चित्रं काढायला लावलेला माणूस. आजार असेल तर त्याचा कागद हवा, कागद असला की पियुष हात लावणार नाही, असा त्यांचा हिशेब. सरकारी दवाखान्यात गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी आमोदला चार प्रश्न विचारले, त्यानं त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून चार उत्तरं दिली. "अहो मास्तर," ते म्हणाले, "हा इतकी वर्षं दुकान सांभाळतोय, माझ्याशी व्यवस्थित बोलतोय. ह्याला मी अपंगत्वाचं प्रमाणपत्र कसलं देऊ?" तिकडे पियुष म्हणाला, "काकू, ऑटिझम असेल तर मग काउंटर आणखीच रिस्की ना!" झालं. सरकारला माझा मुलगा फार बरा वाटत होता आणि दुकानाला फार आजारी. ना धड इकडचा, ना धड तिकडचा.

मग ह्यांनी ते केलं, जे फक्त आमच्या पेठांमधला माणूस करू जाणे. पाटी लिहिली.

तुम्हाला सांगते, आमच्या बिल्डिंगमधली प्रत्येक पाटी ह्यांच्या हातची आहे. जिन्यात चपला काढू नयेत, लिफ्टचं दार हळू लावावं, कबुतरांना दाणे घालणाऱ्यांनी ती आपल्या घरी न्यावीत. कुठलीही अडचण पाटी लावली की सुटते यावर ह्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. पांढरा पत्रा, निळी अक्षरं, दोन दिवस खपून लिहिलं:

"ग्राहकांस नम्र सूचना. काउंटरवरील आमोद यांना वेगळ्या प्रकारचा ऑटिझम आहे. ते रोखून पाहतात, हा राग नव्हे. एका वेळी एकानेच बोलावे. त्यांच्या अंगास हात लावू नये. उत्तर आवडले नाही म्हणून प्रश्न पुन्हा विचारू नये. उत्तर तेच येईल."

ह्यात चेष्टेचा एक शब्द नव्हता. बापानं पोटच्या पोरासाठी हात जोडून लिहिलं होतं ते. मलाही पटलं. अभयरावांनी स्वतः काउंटरवर टांगली.

चार दिवसांत पाटीचा फोटो नाशिकच्या माझ्या चुलत बहिणीकडून माझ्याच फोनवर आला. खाली लिहिलेलं, "खास पुणेरी!! हसून हसून मेले." पुढे हसऱ्या तोंडांची ही मोठी रांग. ह्यांनी चष्मा पुसून तो फोटो पाहिला. "ह्यात हसण्यासारखं काय आहे?" म्हणाले. मी काय सांगणार, कपाळ?

दुकानापुढे माणसं लोटली. पियुषला स्वर्ग दोन बोटं उरला. लोक पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायचे, आणि मग मुद्दाम तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. "चकली ताजी आहे?" "कालची आहे." "ताजी आहे का पण?" "कालची आहे." मागे खी खी खी. आमोद दर वेळी तितकंच नीट उत्तर द्यायचा, कारण त्याला वाटायचं, गर्दीत ह्यांना ऐकू गेलं नसेल. मला म्हणाला, "आई, हल्ली फार बहिरी गिऱ्हाइकं येतात." पियुष त्याच्या कानाशी लागायचा, "आमोददादा, जरा आणखी तिरकस बोल ना, मजा येते लोकांना." हा विचारायचा, "तिरकस म्हणजे कसं?" जो मुळात कधी तिरकस बोललाच नाही, तो आणखी तिरकस काय बोलणार डोंबलाचं!

एका रविवारी कॉलेजची चार पोरं आली. दोघं एकदम प्रश्न विचारायला लागली, तिसरा शूटिंग करत होता, आणि चौथ्यानं काउंटरवरून वाकून आमोदच्या गळ्यात हात टाकला. पाटीवर जे जे करू नका लिहिलं होतं ते सगळं केलं, आणि हसत हसत केलं. आमोदनं त्याला ढकललं. तो शूटिंगवाल्यावर आदळला, आणि त्याचा फोन फरशीवर पडून फुटला. मग आमोद काउंटरखाली बसून कान दाबून ओरडत राहिला. बाकीच्यांच्या फोनमध्ये सगळं होतं, ते लगेच गावभर झालं. काल हसणारे आज शहाणपण शिकवायला लागले. कुणी म्हणे माजलाय, कुणी म्हणे जाहिरातीसाठी नाटक आहे. आणि एका आईनं लिहिलं होतं, "माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. अशी मुलं डोळ्याला डोळा देऊन फटाफट उत्तरं देत नसतात. आमच्या दुःखाचा धंदा करू नका." बाकीच्यांना मी शिव्या मोजल्या. त्या बाईला शिवीही देता येईना. तिच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. त्याच दिवशी मी फोन कपाटात टाकला.

अभयराव घरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकून बसले. "मास्तर, धायरीला आमचं गोदाम आहे. पॅकिंगचं काम. पगार तोच. शांत जागा, कुणाची कटकट नाही, एकट्यानं बसायचं. त्याच्यासारख्यांना तेच मानवतं म्हणतात."

त्याच्यासारख्यांना! अहो, त्याच्यासारखा दुसरा नाही असं डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगत होत्या ना?

आमोदनं विचारलं, "तिथे गिऱ्हाइकं येतात?"

"नाही रे. कुणी सुद्धा नाही."

"मग मी तिथे कुणाशी बोलू?"

अभयरावांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बोलायचं नाही बाळा, पॅकिंग करायचं." आणि मी, एरवी दारावरच्या भाजीवाल्यालाही न सोडणारी बाई, गप्प बसले. कारण दुसरं काय होतं हातात? पाटी काढली, आमोदची बॅग आणली, तो धायरीच्या बसमध्ये बसायला लागला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. पोत्यांच्या मधे बसून पापडांची पाकिटं चिकटवतो. घरी आला की हात धुतो, जेवतो, झोपतो. नकला बंद. यंदा पथकाची पोरं बोलवायला आली तर आतून कडी लावून घेतली. विचारलं तर ऐकू न आल्यासारखा भिंतीकडे बघतो. हे शेजाऱ्यांना सांगतात, "शांत झालाय हो. जागा मानवली." मला वाटतं, उठावं आणि ह्यांच्या तोंडावर हात ठेवावा.

गेल्या महिन्यात ह्यांनी पुन्हा दवाखान्याचा अर्ज भरला. तेच टेबल, तेच गृहस्थ. आमोदला नाव विचारलं. तो फरशीकडे बघत बसला. काम काय करतोस, विचारलं. गप्प. मित्र आहेत का, विचारलं. खुर्चीत मागे-पुढे झुलायला लागला; हे तर मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते गृहस्थ भराभर लिहीत गेले, एकदाही खोडलं नाही. म्हणाले, "मास्तर, गेल्या वेळी जरा संभ्रम होता. आता केस अगदी स्पष्ट आहे."

प्रमाणपत्र काल हातात आलं. हे येताना पेढे घेऊन आले. समोरच्या बिऱ्हाडात देऊन आले, खालच्या मजल्यावर देऊन आले, आणि डबा जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "चला, एकदाचं मार्गी लागलं."

माझा तोल गेला. "अहो, पोरगं गेलं आपलं, त्याचे पेढे वाटताय?"

"हळू बोल," हे म्हणाले, "तो इथेच बसलाय."

तो इथेच बसला होता. आम्ही दोघं एकदम बोलत होतो, तरी त्यानं कान झाकले नाहीत. मान खाली घालून भाताचा शेवटचा घास खाल्ला आणि ताट उचलून आत गेला.