आभाळ एकदाच बघायचं

मेव्हिस टॉल्बर्ट एकतीस वर्षं वाळवंटात उभी राहून चित्रं काढत होती आणि तिचा नवरा हॉलिस तितकीच वर्षं पिकअपमध्ये झोपत होता. दोघांपैकी जास्त कष्ट कोणाचे, यावर ड्राय फोर्क गावच्या कॅफेत अधूनमधून पैजा लागायच्या. बहुतेकांचं मत हॉलिसच्या बाजूनं पडायचं, कारण एवढ्या उन्हात झोप लागणं ही काही सोपी गोष्ट नाही.

मेव्हिस सहासष्टची. उन्हानं रापलेली, गुडघ्यांनी दगा दिलेली आणि जिभेला सुरीची धार. कामावर निघताना अंगात कायम तोच राखाडी शर्ट, कारण भडक कपड्याची झाक उन्हात चित्रावर पडते. लाकडी रंगपेटी, तिपाई, पांढरी छत्री, पाण्याचे दोन कॅन, फॉइलमध्ये गुंडाळलेले बरितो, म्हणजे बीन्स भरलेल्या पोळ्या, आणि एक हातातला आरसा, एवढा तिचा संसार. ओल्या रंगात वाळू बसायची, माश्या चिकटायच्या. 'हे काळं काय?' असं गिऱ्हाइकानं विचारलं की ती सांगायची, "माशी. तिचे वेगळे पैसे घेत नाही मी."

कामाचे तिचे नियम दोनच होते. पहिला, समोर दिसतं तेवढंच काढायचं, मनातलं काही नाही. दुसरा, आभाळ पहिल्या दहा मिनिटांत रंगवून मोकळं व्हायचं आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. ढग घटकेघटकेला बदलतात. त्यांच्या मागे लागलं की चित्र हातचं जातं. हिवाळ्यात तिच्याकडे शिकायला बाया यायच्या, त्यांना ती पहिल्याच दिवशी बजावायची, "आभाळ नवऱ्यासारखं एकदाच बघायचं. सारखं बघत बसलं की बदलावंसं वाटतं."

हे हॉलिसला ठाऊक होतं. त्याला त्या वाक्याचं हसूच यायचं. पण त्या ऑगस्टच्या दुपारी ओढ्याकडे जाताना गाडीत त्यानं भलताच विषय काढला. एकतीस वर्षं आपला लाल पिकअप तुझ्या डोळ्यांसमोर उभा असतो, मग तो एकाही चित्रात कसा नाही, असं त्यानं विचारलं. मेव्हिस म्हणाली, लाल डाग आला की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकते, चित्र मोडतं.

"समोर दिसतं ते सगळं काढायचं, हा नियम तुझाच ना?" हॉलिस म्हणाला. "मग सरळ सांग. डाग नको, की डागात बसलेला नको?"

ती मांडीवरच्या रंगपेटीची कडी लावत राहिली. त्यानं पिकअप कोरड्या ओढ्याच्या पात्रात, एकुलत्या एका कॉटनवुडच्या झाडाच्या सावलीत लावला, कानातली ऐकू यायची यंत्रं काढून डबीत ठेवली आणि टोपी छातीवर घेतली. ती सामान उचलून पात्रातल्या वाळूतून चारशे पावलं वर चालत गेली आणि कातळाच्या कट्ट्यावर चढली.

ऑगस्टमध्ये ओढ्यात गाडी लावू नये हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. हॉलिसलाही कळत होतं. पण त्याचा एक हिशेब होता, तो कॅफेत चारचौघांत मांडायचा. ज्याची बायको दिवसभर आभाळाकडे तोंड करून उभी असते, त्यानं आभाळाची काळजी कशाला करायची? आणि मेव्हिसनं हा हिशेब कधीच खोडून काढला नव्हता. ऐकायला बरं वाटायचं ना.

अडीच वाजता आभाळ निळं होतं, नितळ. तिनं ते रंगवलं आणि डोळे खाली घेतले. समोरचा कडा चार वाजेपर्यंत उन्हानं पेटणार होता, तोच तिला हवा होता. गेरू, पिवळा, त्यात किंचित गुलाबी. सावल्यांच्या कडा बांधून झाल्या, काम हाताला लागलं, आणि सव्वातीनच्या सुमारास वाऱ्याबरोबर एक वास आला. झुडपांना पावसात येतो तो, ओल्या डांबरासारखा. मेव्हिसच्या अंगणात तो आला असता तर ती सुखावली असती. इथं तिचा हात थांबला. जवळपास पाऊस नव्हता. म्हणजे वास वरून, ओढा जिथून येतो तिकडून आला होता.

तिनं नियम मोडला आणि वर बघितलं.

उत्तरेचे डोंगर जागेवर नव्हते. तिथं काळंभोर काहीतरी उभं होतं आणि त्याच्या पोटातून वीज चमकत होती. डोंगरावर पाऊस कोसळला की अर्ध्या तासात पाणी कॉटनवुडपाशी पोचतं, हे तिनं आयुष्यात सहा-सात वेळा पाहिलं होतं. पण पाऊस सुरू कधी झाला? पाच मिनिटांपूर्वी की पंचवीस? तिनं बघितलंच नव्हतं. समोर चित्रात मात्र आभाळ अजून निळंच होतं. त्या निळ्याची तिला शिसारी आली.

हाका मारून उपयोग नव्हता, तो बहिरा. फोनला इथं रेंज नव्हती. पात्रातून धावायचं म्हटलं तर चारशे पावलं मऊ वाळू आणि हे गुडघे, मध्येच पाणी आलं तर दोघंही गेले. तिचा हात आरशाकडे गेला. त्या आरशात ती चित्र उलटं बघायची, म्हणजे चुका डोळ्यांत भरतात. आणि काम संपलं की त्याच आरशानं हॉलिसच्या तोंडावर कवडसा पाडायची. तो उठायचा, शिव्या घालायचा आणि तिला न्यायला गाडी घेऊन यायचा.

तिनं आरसा उन्हात धरला आणि लगेच खाली घेतला. कट्ट्यावरून कवडसा आला म्हणजे हॉलिस पात्रातून वर येणार. नेहमीसारखा, डोळे चोळत, सरळ पाण्याच्या तोंडात. झोपू दिला तरी मरणार, उठवला तरी मरणार.

मग तिला टाकी आठवली. कट्ट्याच्या मागे चढावर गुरांच्या पाण्याची जुनी टाकी होती. तिथून कधीकधी ती चित्र काढायची. टाकीवरून कवडसा आला की हॉलिस माथ्यावरच्या रस्त्यानं यायचा, आणि तो रस्ता कॉटनवुडच्या मागूनच ओढ्यातून वर निघायचा.

ओलं चित्र, उघडी पेटी, छत्री, सगळं तिथंच टाकून ती निघाली. एकतीस वर्षांत तिनं ओलं चित्र असं सोडलं नव्हतं. चढ उभा होता, दगड पायाखालून सुटत होते. दोनदा ती हातांवर पडली. आणि आता ती चालता चालता फक्त आभाळ बघत होती, कारण काळ्या ढगाची कड सूर्याकडे सरकत होती. ऊन गेलं की आरसा म्हणजे नुसती काच. 'थांब रे, थोडं थांब,' असं ती ढगाला म्हणत होती. त्याच्याशी ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती.

टाकीपाशी पोचली तेव्हा तिच्या छातीचा भाता झाला होता. कवडसा झाडावर, वाळूवर, बॉनेटवर, सगळीकडे नाचला, फक्त गाडीच्या काचेवर ठरेना. तिनं कोपर टाकीच्या पत्र्याला टेकवलं, बारीक फांदी काढताना टेकवते तसं, आणि श्वास रोखला. कवडसा काचेवर बसला. तिनं तो तिथंच धरून ठेवला.

काही झालं नाही.

मग टोपी हलली. दार उघडलं, हॉलिस बाहेर आला, डोळ्यांवर हात धरून आधी कट्ट्याकडे बघू लागला. तिथं पांढरी छत्री दिसत होती. तो दोन पावलं तिकडे चालला. मेव्हिसनं कवडसा त्याच्या तोंडावर आणला, हलवला, पुन्हा आणला. तो थांबला. मान वळवून त्यानं टाकीकडे बघितलं. तेवढ्यात ऊन गेलं.

ती त्याला दिसली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. तो सावकाश गाडीत बसला. गाडी सुरू झाली, पुढे आली, थबकली, आणि मग झाडामागे वळून रस्त्याला लागली. मेव्हिसनं आरसा खाली ठेवला.

तो टाकीपाशी पोचून शिव्या घालायला तोंड उघडतोय तोच खालून आवाज आला. तांबडं पाणी आलं, त्यात अख्खी झाडं होती. कॉटनवुडच्या बुंध्याला वळसा घालून ते पुढे गेलं. हॉलिसला आवाज ऐकू आला नसावा, पण त्यानं बघितलं.

"मी आभाळ बघितलं नव्हतं," मेव्हिस म्हणाली. "माझी चूक आहे ती."

"मीही नव्हतं बघितलं," तिचे ओठ वाचून तो म्हणाला. "ते तुझ्याकडे सोपवलं होतं ना." मग डबी काढून त्यानं कानात यंत्रं बसवली. "चित्र राहिलं तुझं खाली."

ढग पूर्वेला सरकले, पाच वाजता पुन्हा ऊन पडलं. दोघं चढ उतरून कट्ट्यावर गेले. छत्री वाऱ्यानं नेली होती, चित्र जागच्या जागी होतं, वाळूनं भरलेलं. हॉलिस त्या कट्ट्यावर पहिल्यांदाच आला होता. तिच्या शेजारी दगडावर बसून तो बघत राहिला.

मेव्हिसनं कुंचला उचलला. आभाळाला तिनं हात लावला नाही. खाली, कॉटनवुडच्या बुंध्याशी, जिथं आता तांबडं पाणी खळाळत होतं, तिथं तिनं लाल रंगाचा एक ठिपका ठेवला. त्याला काच दिली, बॉनेट दिलं. डोळे भरून आल्यानं तिला दोनदा थांबावं लागलं.

हॉलिस वाकून, डोळे बारीक करून बघत होता.

"यात मी झोपलेलो आहे की जागा?" त्यानं विचारलं.

"जागा," मेव्हिस म्हणाली.