खांबाची लढत

सगळे त्यांना मामा म्हणत, पण सख्खा भाचा एकही नव्हता. व्यावसायिक बॉक्सिंगच्या लढती भरवणाऱ्या शेठकडे मामा जोड्या लावायचं काम करत. कोण कोणाशी भिडणार, हे ते ठरवत. लग्न जुळवणाऱ्याला दोन्ही घरं सुखी हवी असतात. मामांना मात्र रडणार कोण, हे आधीच माहीत असावं लागे. शेठचा लाडका बॉक्सर जिंकलाच पाहिजे, पण समोरचा पहिल्याच फेरीत आडवा झाला तर प्रेक्षक खुर्च्या फेकतात. तेव्हा शेवटपर्यंत उभा राहून हरणारा माणूस हुडकायचा, यातच मामांची सगळी हुशारी. असलं काम करणाऱ्याला झोप कशी लागते म्हणाल, तर मामांना ती धड लागत नसेच.

त्या दिवशी सकाळीच घोडं अडलं. दुसऱ्या दिवशी बॉक्सरांची वजनं व्हायची होती आणि ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याचं बोट मोडलं. संध्याकाळपर्यंत माणूस मिळाला नाही तर तुम्हीही नकोत, असं शेठने सांगून टाकलं. या वयात मामांना दुसरीकडे कोण ठेवणार होतं? फोन करकरून तोंडाला फेस आला. कोणाचं वजन जास्त, कोणाची बायको नको म्हणते. शेवटी त्यांनी खांबाला फोन लावला.

खांब म्हणजे चाळिशीला टेकलेला बॉक्सर. कितीही मार खाल्ला तरी पडायचा नाही, म्हणून हे नाव मामांनीच ठेवलेलं. तो कधी नाही म्हणत नसे. वजन किती, सराव चालू आहे का, एवढंच मामांनी विचारलं. डोकं दुखतं का, गरगरतं का, हे या धंद्यात कोणी फोनवर विचारत नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मिळालेलं उत्तर डॉक्टरला सांगावं लागतं. खांब हो म्हणाला. मामांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

दुपारी ते शेठच्या केबिनमध्ये बसले होते. नवं पोस्टर छापायला चाललं होतं, शेठ खुशीत होते आणि मामा उगीच चष्मा पुसत होते. तेवढ्यात खांबाचाच फोन आला. माघार घेतोय की काय, या भीतीने मामांनी घाईघाईने फोन उचलला.

“मामा, बरेच दिवस फोन नाही तुमचा,” खांब मजेत म्हणाला. “एखादी लढत असली तर बघा ना.”

मामांना वाटलं, चेष्टा करतोय. पण खांबाला चेष्टा कधी जमलीच नव्हती. सकाळी कोणाशी बोलणं झालं का, असं त्यांनी आडून विचारलं. आज कोणाचाच फोन आला नाही, असं तो म्हणाला.

“सध्या काही नाही रे,” मामा कसेबसे म्हणाले.

“बरं. पण असली की आधी मला सांगायचं हं.”

फोन ठेवून मामांनी शेठला झालं ते सांगितलं आणि पोस्टरवरचं नाव काढायला सांगितलं. शेठने मानही वर केली नाही.

“उद्या वजनाला यायची तेवढी आठवण करा त्याला. लढायचं कसं ते तर विसरला नाही ना?”

मामांना शेठचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. त्यांनी तिथेच, शेठच्या देखत, बॉक्सरांना तपासून लढायची परवानगी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. हा फोन केलात तर परत या दारात यायचं नाही, असं शेठ म्हणाले. तरी मामांनी सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “कधीपासून होतंय हे त्याला?”

इतक्या वर्षांत खांबाच्या बहुतेक लढती मामांनीच जुळवल्या होत्या.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. “मी कधी विचारलंच नाही.”