तेवढी तुळस खोडा

आमच्या साहित्य मंडळात वाचन संपलं की सगळे टाळ्या वाजवायचे आणि एक माणूस हात वर करायचा. तो हात दिसला की वाचणारा घाईघाईनं कागद आवरायला लागायचा. चितेगावच्या एका कारखान्यात फिटर असलेला हा गृहस्थ कौतुक कधी करत नसे, फक्त काय खोडायचं ते सांगे. म्हणून आम्ही त्याचं नाव खोडरबर ठेवलं होतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे दिवस होते. औरंगाबादेत एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि खेड्यांतून जाळपोळीच्या बातम्या येत होत्या. रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात आम्ही दहाबारा लेखक जमायचो. मी कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणून आपसूक पुढच्या बाकावर. खोडरबर दाराजवळ बसायचा. स्वतःचं काही वाचायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "आमचं अजून कच्चं हाये." वर्षानुवर्षं कच्चंच. एवढा गर्व बरा नव्हे, असं माझं स्पष्ट मत होतं. मी मात्र स्वतःला नम्र समजत असे. गळ्यात हार पडला की लगेच काढून टेबलावर ठेवायचो, अर्थात फोटो निघाल्यावर.

त्या वर्षी वर्तमानपत्रात एक फोटो आला. जळालेल्या घरापुढे मांडीवर घमेलं घेऊन बसलेली म्हातारी. त्यावरून मी कथा लिहिली. त्या गावाला थेट एसटी होती, तरी मी गेलो नव्हतो. कथा वाचून झाली तेव्हा दोघातिघांचे डोळे ओले होते. मग तो हात वर गेला.

"सर, दारातली तेवढी तुळस खोडा."

मी हसून टाळलं. पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी तो माझ्या घरी आला. कथा दुसऱ्या दिवशी दिवाळी अंकाकडे जायची होती, शेवट त्या जळणाऱ्या तुळशीवर होता आणि माझा त्या शेवटावर फार जीव होता. मी भडकलो. दुसऱ्याचं खोडायला अक्कल लागत नाही, आधी स्वतः एक ओळ लिहून दाखवा, असं बोलून गेलो. वर लेखकाच्या स्वातंत्र्यावर व्याख्यानही दिलं. त्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं.

"आमच्यात तुळस नसती, सर," तो म्हणाला. "अन् ती म्हातारी माझी आई हाये."

मी हबकलो. बौद्धवाड्यातल्या घरापुढे मी माझ्या आईच्या अंगणातली तुळस नेऊन लावली होती आणि तिच्यासाठी त्या घरच्या मुलाशी भांडत होतो. आपलं घर जळताना त्यानं माझ्या तोंडून ऐकलं, भोवती टाळ्या ऐकल्या, आणि मागितलं काय, तर एक झाड कमी. मला त्याच्याकडे बघवेना.

आधी का नाही सांगितलं, असं मी कसंबसं विचारलं.

"मग तुम्ही कीव करून खोडली असती," तो म्हणाला. "चुकली म्हणून खोडायला पायजे."

आणि एवढं ऐकूनही मी विचारलंच की मग दारात खरं काय होतं. लेखकाची हाव, दुसरं काय.

"रांजण व्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी आई भरून ठेवायची. तेच पाणी टाकलं आगीवर. पुरलं नाय."

माझा हात पेनाकडे गेला. तो त्यानं पाहिला.

"रांजण नका घालू, सर. तो मी लिहिणार हाये."

त्याच्यासमोरच मी तुळस खोडली. पुढे वर्षभरात तो कारखाना बंद पडला, काम शोधत तो कुठे गेला ते मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला त्याचं टोपणनावच तेवढं माहीत होतं, याची आजही लाज वाटते. मराठवाड्यातल्या कुणाचंही नवं पुस्तक हाती आलं की मी आधी त्यात रांजण शोधतो. माझ्या कथेतल्या दारात मी आजवर काहीही ठेवलेलं नाही.