छताला लोंबणारे थेंब

अण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी भातसानगरच्या एका खानावळीत कांदे चिरत होते. डोळ्यांत पाणी होतंच, पण त्याचं श्रेय मी माझ्या मोठ्या भावाला देणार नाही. दहाव्याला आमच्या गावी, टोकावड्यात, जो तो म्हणत होता, मोठ्या मनाचा माणूस गेला... मी ऐकून घेतलं. आता महिना उलटलाय, माझंही ऐका.

सासर सोडून मी माहेरी आले ती भावाच्या ताटाखालचं मांजर व्हायचं नाही असं ठरवूनच. मुरबाडला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि मिरची-वांग्याची रोपवाटिका काढली. रोपं घेणाऱ्या बायकांशीही आधीच बोलून ठेवलं होतं. जागा अण्णाची, म्हणून छपराचा प्लॅस्टिकचा कागद निवडायलाही तोच पुढे. आमच्याकडे पावसाळ्यात घरावर टाकायचा कागद दुकानातच पाणी शिंपडून पारखतात. पाणी गोळी होऊन पळालं की माल पास. अण्णाने तेच केलं. एका कागदावर थेंब टपोरे उभे राहिले आणि जरा तिरका करताच घरंगळले. दुसऱ्यावर पाणी पसरून बसलं. मी म्हटलं, "अण्णा, आपल्याला हा पसरणारा हवा. आतून वाफ धरते. पाणी पसरलं तर छताच्या उताराने कडेला जातं. गोळी झालं तर तिथंच लोंबतं आणि रोपांवर पडतं."

"मला शिकवतेस गो? पानी बसत नाय, तोच माल चांगला," अण्णा म्हणाला. दुकानदारासमोर हसलासुद्धा. गोळीवाला कागद घेऊन आम्ही परत आलो.

थंडी पडली आणि आतून सगळं छत थेंबांनी भरलं. वरून जे पाणी झटकन पळत होतं, तेच खालून हटेना. शेजारचे दोन थेंब एक व्हायचे, जड व्हायचे आणि टपकन रोपावर. कोवळी देठं बुडाशी कुजून ट्रेच्या ट्रे आडवे झाले. अण्णा रोज सकाळी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. "तू पानी जास्त घालतेस," म्हणायचा. साऱ्या गावासमोर म्हणायचा. बायकांनी रोपं दुसरीकडून घेतली आणि मी खानावळीत लागले.

तेराव्यानंतर वहिनीने मला रोपवाटिकेच्या शेडमध्ये नेलं. "तुला सांगू नको म्हनाले होते. पयले ट्रे पडल्यापासून रोज फाटेला उठायचे. काठीला बनियन बांधून थेंब पुसायचे. पुसून पुढं जाईपर्यंत मागं परत धरायचे... आनि मग तू यायचीस."

म्हणजे त्याला कळलं होतं! मला वाटलं होतं, हट्टी आहे, अडाणी आहे. तसं असतं तर मी कधीतरी माफ केलं असतं. पण हात दुखेपर्यंत थेंब पुसायचे आणि वर मलाच बोल लावायचा? 'माझं चुकलं' एवढं म्हणाला असता, तर आठवड्यात कागद बदलला असता आणि निम्मी रोपं तरी हाती लागली असती. तेवढ्यासाठी त्याने माझा धंदा बुडू दिला.

काठी कोपऱ्यातच होती, टोकाला बनियन करकचून बांधलेलं. "ऱ्हाऊ दे, त्यांची आठवण," वहिनी म्हणाली. मी ती परसात नेली आणि बंबात सारली. शेडमधल्या ओलीने बनियन दमट झालं होतं, काही केल्या पेटेना. मेल्यावरही याचा हेका आहेच! शेवटी डोळ्यांत धूर घेत मीच फुंकर घालत बसले.