डाव्या चाकाचा बूट

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका कन्याशाळेत शास्त्र आणि भूमिती शिकवत असे, आणि शिवाय संस्थेच्या मोटारीची देखरेख करीत असे. हे दुसरे काम मी मागून घेतले नव्हते. या बाईंच्या हाताखाली खडूसुद्धा वाया जात नाही, तेव्हा मोटारही जाणार नाही, असा कार्याध्यक्षांचा हिशेब होता. त्याच मोटारीपायी एका निरपराध माणसाला आम्ही घरी बसवायला निघालो होतो. त्याचा संताप मला अजूनही येतो. तो कोणाकोणावर येतो हे नीट सांगायचे, तर आधी मोटारीचा एक भाग समजावून द्यायला हवा.

मोटारीचे चाक वळवणारा दांडा पुढच्या आसाजवळ ज्या सांध्याला मिळतो, त्या सांध्यावर रबराचे घड्याघड्यांचे आवरण असते. पेटीच्या भात्यासारखे ते दिसते. कारागीर त्याला बूट म्हणतात. त्याच्या आत ग्रीस भरलेले असते. बूट शाबूत असेल तर ग्रीस आत राहते आणि धूळ बाहेर. तो फाटला की ग्रीस गळते, माती आत शिरते, आणि सांधा कानशीने घासल्यासारखा झिजत जातो. मग सुकाणू धरूनही चाक डगमगते. आमच्या मोटारीचा हा बूट पाच महिन्यांत चार वेळा फाटला होता. चारही वेळा डाव्या चाकाचा. उजवा जुनाच होता आणि ठणठणीत होता.

कार्याध्यक्षांनी निदान करायला अर्धे मिनिट घेतले. "डावं चाक रस्त्याच्या कडेला असतं. कडेला दगड असतात. ड्रायव्हर झोपेत गाडी हाकतो. संपलं."

ड्रायव्हर म्हणजे आमचे मामा. सगळ्या मुली त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. माढ्याकडच्या एका खेड्यातले, पन्नाशीचे, संस्थेत अकरा वर्षे झालेली. शाळेच्या मागच्या खोलीत त्यांचे कुटुंब राहत होते आणि मुलगी आमच्याच नववीत होती. नोकरी गेली असती तर खोलीही गेली असती आणि मुलीची शाळाही. कार्यालयातून त्यांना मेमो मिळाला. त्यात लिहिले होते, 'आपल्या निष्काळजीपणामुळे संस्थेच्या वाहनाचे वारंवार नुकसान होत आहे. सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा पुढील सभेपूर्वी करावा.' सभेला पंधरा दिवस होते.

मेमो हातात घेऊन ते माझ्याकडे आले. "बाई, दगूड लागला आसता तर मला आवाज आला आसता की! मी काय भैरा हाय व्हय? कुर्डुवाडीच्या रस्त्याला तर मी गाडी पाळण्यासारखी नेतो."

मी तेव्हा त्यांना धीर द्यायला हवा होता. त्याऐवजी मी म्हणाले, "मामा, पुराव्याशिवाय सभेपुढे काही चालत नाही." आज ते वाक्य मला लागते. कार्याध्यक्षांकडे तरी कुठला पुरावा होता?

मी गॅरेजात गेले. मिस्त्री शहरातलेच, दखनी बोलणारे. फाटके बूट त्यांनी भंगाराच्या ढिगात टाकले होते. त्यातून त्यांनी तीन शोधून दिले. मी ते उजेडात धरले. दगडाने चिरलेले रबर सरळ फाटते आणि कड टणक राहते. इथे कडा जाड झाल्या होत्या, चिकट लागत होत्या. चिमटीत धरले की बोटे काळी होत आणि तुकडा अलगद हातात येई.

"ये दगड का काम नै, बाई," मिस्त्री म्हणाले. "ये तो फुगेला है."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"साब लोगां बोले दगड, तो दगड. मैं क्या साब से बडा डाक्टर हूँ?"

रबर फुगले म्हणजे त्याने काहीतरी प्यायले. काय प्यायले आणि एकाच बाजूने का, एवढाच प्रश्न उरला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी सर्व्हिसिंगच्या ठिकाणी जाऊन उभी राहिले. तिथे गाडी धुऊन झाली की खालच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून वापरलेले काळे ऑइल डिझेलमध्ये पातळ करून बंदुकीसारख्या पिचकारीने मारत. ही पद्धत सगळीकडेच होती आणि लोक ती गाडीची सेवा समजत. गाडी चढवायचा ओटा कंपाउंडच्या भिंतीला लागून होता. गाडीची उजवी बाजू भिंतीकडे येई.

"बाई, साडी सांभाळा, ऑइल उडतंय," पिचकारीवाला म्हणाला. "तुमच्या गाडीची काळजी करू नका. भिंतीमुळं उजवीकडं हात पोचत नाय, म्हणून मी डावीकडं डबल मारतो!"

त्याच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. मी त्याच्याकडून त्याच मिश्रणाची एक बाटली भरून घेतली.

प्रयोगशाळेत मी नव्या बुटाचे सारखे तीन तुकडे कापले. आलेखाच्या कागदावर प्रत्येकाची कड पेन्सिलीने आखली. एक तुकडा पाण्यात ठेवला, एक ग्रीसमध्ये आणि एक त्या काळ्या मिश्रणात. बारा दिवसांनी ते पुसून पुन्हा आखलेल्या रेषेवर ठेवले. पाण्यातला रेषेवर तंतोतंत बसला. ग्रीसमधला जवळजवळ तसाच. काळ्या बाटलीतला चारही बाजूंनी रेषेबाहेर गेला होता आणि नखाने फाटला.

पण इथवर आल्यावर मला दुसरी एक गोष्ट आठवली आणि मी बाकावर बसले. पूर्वी गाडीची सर्व्हिसिंग दोन महिन्यांतून एकदा होई. दुसरा बूट फाटला तेव्हा, निष्काळजीपणाला नियमितपणा हाच उपाय, असे समजून मी लेखी आदेश काढला होता की सर्व्हिसिंग दर पंधरा दिवसांनी करावी. त्यानंतरचे दोन बूट महिन्याभराच्या आतच गेले. मामांनी तो आदेश एकदाही चुकवला नव्हता.

सभेत मी तिन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या.

"बाई, ही सभा आहे, प्रयोगशाळा नव्हे," कार्याध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. तरी मी आलेखाचे कागद फिरवले, भिंत आणि ओटा फळ्यावर काढून दाखवला. हसणे थांबले. कार्याध्यक्षांनी फुगलेला तुकडा पेन्सिलीच्या टोकाने उचलला, खाली ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. ती पिचकारी बंद करा. आणि ड्रायव्हरला या खेपेस माफ करू."

"माफ? कशाबद्दल?"

"आता नोकरी राहिली ना त्याची? मग अडलंय कुठं?"

"मेमो मागे घ्या. त्यात निष्काळजीपणा लिहिला आहे."

"दिलेला मेमो मागे घेण्याची पद्धत नाही."

चार बुटांचे चुकीचे निदान अर्ध्या मिनिटात करण्याची पद्धत होती, एका माणसाचे घर उठवण्याची पद्धत होती, आणि कागदावरचे खोटे पुसण्याची मात्र नव्हती! मी फाइल पुढे ओढली आणि मेमोच्या खाली लिहिले: 'वरील आरोप चुकीचा आहे. बूट ऑइलच्या फवाऱ्याने खराब झाले. फवारा वारंवार व्हावा असा आदेश मी दिला होता. चालकाचा दोष नाही.' खाली सही केली.

"कशाला स्वतःच्या अंगावर ओढून घेता?" कार्याध्यक्ष चिडून म्हणाले.

"ओढून घेत नाही. ते माझंच आहे."

मामा व्हरांड्यात उभे होते. मी त्यांना सगळे सांगितले. आदेशाचेही. त्यांनी मान हलवली, मग खिशातून मेमोची त्यांना मिळालेली प्रत काढली. चार घड्या पडून कागद मऊ झाला होता.

"हितं बी लिवा, बाई. फायलीतलं कोण वाचतंय? ह्यो कागद माज्या पोरीनं घरात वाचलाय. मोट्यांदा."

मी व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून तीच वाक्ये पुन्हा लिहिली. नववीतल्या मुलीला एकही शब्द अडणार नाही अशा गोल, सुट्या अक्षरांत. शाई वाळेपर्यंत ते थांबले, मग घडी घालून कागद वरच्या खिशात ठेवला आणि खोलीकडे चालू लागले. त्यांनी माझे आभार मानले नाहीत. ते मानण्यासारखे मी काही केलेही नव्हते.